सलग व विनाखंड

यंदा थंडी लवकर उतरली. कचेरीसमोरच्या लिंबाखाली माझे टेबल आहे. तिथे दहा वाजेपर्यंत ऊन पोहोचत नाही. बाटलीतला डिंक घट्ट होऊन बसतो, म्हणून तिकीट चिकटवण्याआधी ती बाटली काही वेळ बगलेत धरावी लागते. पेनही पहिल्या दोन ओळी रुसलेले असते. ते तळहातांत घुसळावे, तोंडाची वाफ द्यावी, तेव्हा कुठे 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' एवढे कागदावर उतरते. परवा एक शेतकरी गृहस्थ जमिनीच्या वहिवाटीचा अर्ज लिहून घेण्यासाठी समोर बसले होते. लिहिता लिहिता मी 'सलग व विनाखंड' या शब्दांपाशी आलो आणि हात थांबला.

"वाफ द्या की साहेब, शाई गोठली," ते म्हणाले.

शाई गोठली नव्हती. मला जालना-वाटूर रस्त्यावरची एक मोरी दिसत होती, आणि मोरीच्या कठड्याशी थांबलेली, पुरुषी कॅनव्हासच्या बुटांतली दोन पावले.

जालना स्वतंत्र जिल्हा झाला त्या साली मी हे टेबल मांडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. ही गोष्ट मी कधी लपवली नाही आणि तिच्यामुळे माझे कधी अडलेही नाही. शिकलेसवरलेले लोक आपला मसुदा माझ्याकडून सुधारून नेतात. माझ्या हातचा अर्ज त्रुटी निघून परत आला, असे, ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या हिवाळ्यापर्यंत एकदाही घडले नव्हते. प्रौढी म्हणून हे सांगत नाही. पुढे मला जी धास्ती लागून राहिली, ती समजण्यासाठी हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

आमच्याच गल्लीत साळवे गुरुजी राहत. नवीन जालन्यातील एका शाळेत ते कवायत व गणित शिकवीत. त्यांच्या पत्नी सुमनताई घरी शिवणाचा वर्ग चालवीत. दिवाळी आटोपल्यावर एका सकाळी दोघे माझ्या टेबलापाशी आले. नवराबायको मिळून अर्जनवीसाकडे येतात ती बहुधा वाटणीसाठी किंवा फारकतीसाठी. त्यामुळे मी चेहरा गंभीर केला.

"विनंतीपत्र लिहून पाह्यजे, साहेब," गुरुजी म्हणाले. "सरकारला न्हाई, लोकांना. आम्ही दोघं पळणार हावोत."

"कुठे?"

"वाटूरकडून जालन्याला. बेचाळीस किलोमीटर. मॅरेथॉन म्हणतात त्याला. मोठ्या शहरात लोक अशे पळतात अन् त्यांच्या ओळखीचे लोक एखाद्या चांगल्या कामाला पैसा देतात. पेपरात वाचलं मी."

"आणि काम कोणते?"

गुरुजींनी पत्नीकडे पाहिले. त्या टेबलावरच्या टाचणीच्या डबीशी चाळा करीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडी पाह्यजे, भाऊ. वाटूरला. दवाखान्यात न्यायला."

एवढेच बोलून त्या उठल्या आणि कचेरीच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. उरलेले गुरुजींनी हलक्या आवाजात सांगितले. सुमनताईंची धाकटी बहीण वाटूरला दिली होती. बाळंतपणात अडली. रुग्णवाहिका नव्हती, म्हणून मालाच्या टेम्पोत गोधड्या अंथरून तिला जालन्याकडे आणले. सुमनताई इकडे दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या, बाळासाठी शिवलेली कुंची हातात घेऊन. टेम्पो आला तेव्हा घाई करण्यासारखे काही उरले नव्हते.

मी लेखणी उचलली. आजवर मी लोकांच्या जमिनी, वाटा, विहिरी यांसाठी लिहिले. हे त्याहून मोठे काम होते, आणि ते माझ्याकडेच आले याचे मला समाधान वाटले. व्यापारी लोक हळव्या शब्दांना बधत नाहीत, भक्कम शब्दांना मानतात, असा माझा अनुभव. म्हणून कागद भक्कम केला. तिसरे कलम असे : 'सदर धाव उभयतां पती-पत्नींनी सलग व विनाखंड पूर्ण केल्यासच देणगीदारावर देणगीचे बंधन राहील.' चौथे असे : 'निरीक्षक म्हणून अर्जनवीस सोबत राहतील व त्यांचा दाखला अंतिम मानला जाईल.' वाचून दाखवले. गुरुजींनी मान डोलावली.

"लई वजनदार झालं," ते म्हणाले.

वजन किती झाले, हे मला नंतर कळले.

त्यांच्या सरावाच्या पहाटा अजून अंगावर आहेत. निरीक्षक झाल्यामुळे मला उठणे भाग होते. कानाला मफलर, सायकलच्या हँडलला पाण्याची बाटली, खिशात मीठ-साखरेची पुडी. घरातून निघताना आमची मंडळी पांघरुणातूनच विचारीत, "पळणार ते, अन् तुम्ही कशापायी दमून राह्यले?" मी सायकल बाहेर काढी. एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो की तापलेल्या लोखंडाचा वास येई. रोलिंग मिलच्या पत्र्यांच्या फटींतून लाल उजेड रस्त्यावर पडलेला असे, आणि त्या उजेडातून ते दोघे जात तेव्हा क्षणभर त्यांच्या तोंडची वाफही लाल दिसे. पुढे बियाण्यांच्या कारखान्यांपाशी भुशाची धूळ. ती आली की गुरुजींना खोकला येई आणि मी बाटलीचे बूच काढून ठेवी.

सुमनताई काष्टा घालून धावत. बायकांच्या मापाचे बूट मिळाले नाहीत, म्हणून गुरुजींचे जुने कॅनव्हासचे बूट घेतले आणि पुढे बोटांपाशी कापूस कोंबला. चार दिवसांनी तो कापूस दगडासारखा होई. मग रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना ट्रकमधून उडून अडकलेला ताजा कापूस त्या वेचून घेत आणि तोच भरत.

पाळी बदलायला निघालेले कामगार टेम्पोत दाटीने उभे असत. रोज ठरलेला टोमणा.

"ओ गुरुजी! कोण लागलंय मागं?"

"बायको!" गुरुजी धापा टाकत म्हणत.

"मी मागं न्हाई, मोहरं हाय, नीट बघा!" सुमनताई ओरडत, आणि खरोखरच दहा पावले पुढे असत. टेम्पोतून हशा उठे. त्या हशाची मला भीती वाटत नसे. भीती वेगळ्याच गोष्टीची होती.

ती भीती एका मुनीमजींनी माझ्या खिशात घातली. नवीन जालन्यातील बियाण्यांच्या मोठ्या पेढीवर शेटजींची सही घ्यायला मी गेलो होतो. शेटजींनी कागदाकडे न पाहता सही ठोकली. मुनीमजींनी मात्र दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा सारखा करून अक्षर न् अक्षर वाचले.

"अर्जनवीस, ही शर्यत लिवली का शेताची वहिवाट?"

"म्हणजे?"

"सलग व विनाखंड! मंग बाई पाणी प्यायला थांबली तर? बुटाची नाडी सुटली तर? शेटजी मोकळे?"

"ती लिहिण्याची पद्धत आहे," मी म्हणालो.

"हां, पद्धतच हाय ती. वहिवाटीत एक साल खंड पडला तर दावा जातो, तुम्हीच सांगता लोकांना."

मी हसण्यावारी नेले आणि बाहेर येऊन सायकलपाशी उभ्या उभ्या तिसरे कलम पुन्हा वाचले.

तरी मनाची समजूत घातली होती. पाणी मी सायकलवरूनच देत होतो, नाड्यांना दुहेरी गाठ मारायला लावीत होतो. पण मार्गशीर्षातल्या एका रविवारी लांबच्या सरावासाठी आम्ही प्रथमच वाटूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, दवाने वाकलेली. कुठेतरी हुरडा भाजल्याचा धूर जमिनीलगत पसरला होता. जालन्यापासून चौदा किलोमीटरच्या दगडापुढे एक मोरी लागते. तिथे सुमनताई थांबल्या.

माझ्या हातून बाटली घेतली. आधी मोरीच्या कठड्यावर धार धरली, दगड भिजू दिला, मग उरलेले पाणी स्वतः प्याल्या. कठड्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. गुरुजी चार पावले दूर, पाठ करून.

"इथंच," ते मला म्हणाले. "टेम्पोवाल्यानं दाखवली जागा. तिनं पाणी मागितलं, म्हणून टेम्पो इथं थांबवला. कुणाजवळ पाणी न्हवतं. ड्रायव्हर तांब्या घेऊन शेतात पळाला. तो येईपर्यंत..."

"प्रत्येक वेळी थांबणार का त्या?"

"येष्टीनं गेलं तरी कंडक्टरला बेल मारायला लावती. पळायच्या दिवशीबी थांबणार. त्याच्यासाठीच तर पळून राह्यलो, साहेब."

परतताना मी सायकल चालवीत होतो की सायकल मला चालवीत होती, सांगता येणार नाही. पावलांचा टप टप आवाज कानावर येई आणि प्रत्येक पावलाला मला 'सलग', 'सलग' असे ऐकू येई. वाटूरच्या बाजूने निघाल्यावर ती मोरी अठ्ठाविसाव्या किलोमीटरला येते. तोवर माणूस अर्धा संपलेला असतो. तिथे ही बाई थांबणार, आणि त्या क्षणी सर्व देणगीदार बंधनातून मुक्त होणार. गाडी हातची जाणार. तीही बहिणीला पाणी दिल्यामुळे. आणि याला कारण दुसरा कोणी नाही. मी, माझे अक्षर.

कोणी म्हणेल, सांगून टाकायचे होते. पण दुरुस्ती म्हणजे प्रत्येक देणगीदाराच्या दारात उभे राहून 'माझी चूक झाली' असे म्हणायचे. ज्या पेढ्यांवर मला खुर्ची मिळत असे, तिथे. तीन आठवडे मी ते टाळले. त्या तीन आठवड्यांत अर्ज लिहिताना एकेक शब्द तीनदा तपासू लागलो. डिंकाची बाटली बगलेत धरून ती काढायचीच विसरून जाऊ लागलो. सुमनताईंचा उजवा गुडघा सुजू लागला, तेव्हा तर मनात असा विचार आला की धावच रद्द झाली तर बरे. तो विचार मी इथे लिहीत आहे, कारण खोटा दाखला देण्याची मला सवय नाही.

एकदा आडून प्रयत्न केला. सुमनताई अंगणात विटेचा तुकडा तापवून गुडघा शेकत होत्या.

"ताई, मोरीपाशी थांबल्याने पायांची लय तुटते. चालत्या पायांनीच नमस्कार केला तर?"

"तुटू द्या लय." त्यांनी वीट फडक्यात गुंडाळली. मग माझ्याकडे नीट पाहिले. "भाऊ, महिना झाला तुम्ही माझ्या तोंडाकडं न्हाई बघून राह्यले, पायाकडंच बघून राह्यले. काय झालं?"

मी सांगितले. कलम तिसरे, शब्दशः. विटेवरचे फडके जळू लागल्याचा वास आला, तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली.

"मंग बदला ना. कागुद तुमचाच हाय."

"सह्या झाल्यावर बदलता येत नाही. शुद्धिपत्रक काढून पुन्हा सर्वांच्या सह्या घ्याव्या लागतील."

"मंग घ्या." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला सोपे गेले असते. "आम्ही बेचाळीस किलोमीटर पळायचं, अन् तुम्हाला नवीन जालना फिरायचं जिवावर आलं?"

दुसऱ्या दिवसापासून फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने अर्ज लिहिला : 'अर्जनवीसाच्या नजरचुकीमुळे...' मुळात 'नजरचुकीमुळे' लिहिले होते. नंतर ते खोडून 'चुकीमुळे' केले. गुरुजींच्या शाळेतल्या शिक्षकांनी हसत सही केली. कापडवाल्यांनी चहा पाजला आणि वर म्हणाले, "तुमची चूक म्हंजे बघायला पाह्यजे, फ्रेम करून द्या." तेही सोसले. लोखंडाच्या दुकानाचे मालक मात्र कागद वाचून खूश झाले.

"मूळ कागद बदलला, मंग मूळ सही गेली. बराबर ना?"

"नवी सही केली तर..."

"नवी कशाला करू? चूक तुमची, सुटका माझी." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला, वर सुपारी दिली. ती सुपारी मी कितीतरी दिवस कोटाच्या खिशात तशीच बाळगली.

आणि सर्वांत मोठी देणगी ज्यांची, ते बियाण्यांचे शेटजी हैदराबादला गेलेले. मुनीमजी म्हणाले, "पळायच्या दिवशी सकाळच्या गाडीनं येणार हायेत. हार घेऊन येतील थेट. तवा बघू." त्यांच्या देणगीवाचून गाडी होणे नव्हते. त्यांची सही बाकी ठेवूनच तो दिवस उजाडला.

संक्रांत जवळ आली होती. वाटूरच्या अलीकडे, जालना बेचाळीस असे लिहिलेल्या दगडापाशी, उजाडण्याआधी आम्ही तिघे उभे होतो. गुरुजींनी दगडाला हात लावला, सुमनताईंनी बुटांतला कापूस चाचपला, आणि दोघे निघाले. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात शुद्धिपत्रक. त्या दिवसातले फार थोडे मला सलग आठवते. हरभऱ्याच्या शेतातून आंबूस वारा येत होता. एका वस्तीवर बायका कडेला उभ्या राहिल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "अगं बाई, हिचा काष्टा बघ कसा बसलाय!" विसाव्या किलोमीटरनंतर गुरुजी बोलेनासे झाले. सुमनताई उजवा पाय किंचित फेकून टाकू लागल्या. पाणी देताना त्यांच्या बोटांचा स्पर्श झाला. भर उन्हात बोटे गार होती.

मोरी दिसली तेव्हा मी सायकल पुढे काढली. काय करायला, ते मलाही कळले नाही. कदाचित त्यांनी माझ्याकडे पाहून विचार बदलावा, अशी आशा असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. थांबल्या. बाटली घेतली, दगडावर धार धरली, उरलेले घोट प्याल्या, कठड्याला टेकल्या. गुरुजी पाठ करून उभे. मी घड्याळ पाहत होतो. दोन मिनिटे. दोन मिनिटांत एवढ्या गोष्टी मावतात हे मला ठाऊक नव्हते : एक टेम्पो, एक तांब्या, शेतातून पळत येणारा एक माणूस.

मग त्या निघायला गेल्या आणि गुडघा उचललाच नाही.

"उठंना," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत प्रथमच त्यांच्या आवाजात भीती होती. गुरुजी आले, खाली बसले, गुडघ्यामागे अंगठे दाबून चोळू लागले. सुमनताईंनी दात आवळून एक पाऊल टाकले, मग दुसरे. काही अंतर चालल्या, लंगडल्या, आणि पुढच्या बाभळीपासून पुन्हा धावू लागल्या. तिला धाव म्हणावे की नाही, यावर वाद होऊ शकेल. मी म्हणतो, धावच.

नवीन जालन्यात पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होते. पेढीसमोर माणसे जमली होती. शेटजी हार घेऊन उभे, शेजारी मुनीमजी. धावणाऱ्या दोघांच्या गळ्यांत हार पडले, सुमनताई पायरीवर बसल्या, कोणीतरी गूळ-पाणी दिले. मग मुनीमजींनी चष्म्याचा दोरा सारखा केला.

"निरीक्षक, दाखला?"

मी सायकलच्या सीटवर कागद ठेवला. मोरीपाशी आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हते. 'खंड पडला नाही' अशी एक ओळ लिहिली असती तर पुढे काहीच घडले नसते. सुमनताई पायरीवरून माझ्या हाताकडे पाहत होत्या. मी पेनला वाफ दिली, थंडी नसताना, आणि लिहिले : 'धाव उभयतांनी पूर्ण केली. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला मोरीपाशी खंड. कारण : मयत बहिणीस पाणी देणे.'

मुनीमजींनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेवटच्या चार शब्दांपाशी त्यांचा आवाज खाली आला आणि ते त्यांनी मनातल्या मनात वाचले. मग कागद शेटजींकडे दिला. मी शुद्धिपत्रक काढले, कलम तिसरे सांगितले, चूक माझी असेही सर्वांसमक्ष सांगितले.

शेटजींनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले. "असं कलम होतं त्याच्यात? मी तर वाचलंच न्हवतं. गुरुजी म्हणले पळतो, मी म्हणलं पळा." ते मुनीमजींकडे वळले. "तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"मंग मला का न्हाई सांगितलं?" आणि उत्तराची वाट न पाहता मला म्हणाले, "कुठं करू सही? अन् अर्जनवीस, जरा सोपं लिहीत जा हो."

एरवी हे वाक्य मी कोणाचे ऐकून घेतले नसते.

लोखंडवाल्यांची देणगी गेली ती गेलीच. त्यामुळे नवी गाडी झाली नाही. वर्षभराने एक जुनी जीप मिळाली. मागची बाके काढून आडवे झोपता येईल अशी सोय केली, सुमनताईंच्या वर्गातल्या बायकांनी गाद्यांना खोळी शिवल्या. गाडी वाटूरच्या चौकात उभी राहू लागली. तिच्या वापराचे नियम लिहिण्याचे काम पुन्हा माझ्याकडेच आले. या वेळी सुमनताई टेबलापाशी बसून राहिल्या. एकेक नियम लिहून झाला की वाचायला लावीत.

"पहिला वाचा."

"रुग्ण घेऊन निघालेली गाडी वाटूर ते जालना सलग व विनाखंड धावेल."

"हां. हे र्‍हाऊ द्या." मग कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अन् दुसरा लिवा. गाडीत पाण्याची कॅन भरलेली पाह्यजे. कायम."

मी तसेच लिहिले. जास्त शब्द वापरले नाहीत.

परवाच्या त्या शेतकऱ्याचा अर्ज पुरा केला आणि दुपारी कामानिमित्त एसटीने वाटूरकडे निघालो. ज्वारी तशीच वाकलेली होती, बाभळींना तसाच कापूस अडकला होता. मोरी जवळ येऊ लागली तसे, इतकी वर्षे लोटूनही, मी घड्याळाकडे पाहिले. समोरून वाटूरची जीप येत होती, दिवे लावून, हॉर्न वाजवीत. आमच्या ड्रायव्हरने बस कडेला घेतली. जीप मोरीवर आली. वेग कमी झाला नाही. ती गेली, आणि मागच्या काचेतून मला कोणाचा तरी हात दिसला, आडव्या माणसाच्या तोंडाशी पेला धरलेला.